नुशागाक नदीवरची किंग सॅमनची छावणी: एका सेवेचे परीक्षण

अलास्काच्या नैऋत्य भागातून वाहणारी नुशागाक नदी ब्रिस्टल उपसागराला मिळते. जून आणि जुलै महिन्यांत समुद्रातून या नदीत शिरणाऱ्या किंग सॅमनसाठी तिच्या काठावर तेवढ्या हंगामापुरत्या तंबूंच्या छावण्या उभ्या राहतात. राहणे, जेवण, बोट, गळाचे सगळे सामान आणि दिवसभर सोबत मार्गदर्शक अशी एकत्रित सेवा या छावण्या देतात आणि मुक्काम किती आहे त्यानुसार माणशी काही हजार डॉलर घेतात. अशा एका छावणीत जूनच्या अखेरीस मी माझ्या भावोजींबरोबर राहून आलो. छावणीचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या एका मालकापेक्षा या व्यवसायाच्या एकूण रीतीबद्दल अधिक आहेत. माझे मत मात्र सुरुवातीलाच सांगतो. या पैशाचा खरा मोबदला म्हणजे नदी ओळखणारा मार्गदर्शक. तो चांगला मिळाला तर मासा लागो वा न लागो, खर्च वसूल होतो. आणि तो कसा असेल, तसेच मालक ग्राहकाशी किती खरे बोलतो, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी बऱ्याच अंशी ताडता येते.

प्रवासाबद्दल थोडक्यात. सिॲटलहून अँकरेजपर्यंत साडेतीन तासांचे उड्डाण, अँकरेजहून डिलिंगहॅमपर्यंत आणखी सुमारे तासाभराचे, आणि तेथून पाण्यावर उतरणारे छोटे विमान थेट छावणीसमोरच्या पात्रात. डिलिंगहॅमला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही; गावातून निघणारा एकमेव लांब रस्ता जेमतेम ४० किलोमीटरवरच्या अलेक्नागिक गावापाशी संपतो. छोट्या विमानात माणशी साधारण २२ किलो सामान नेऊ देतात आणि ते वजन काट्यावर खरोखर पाहतात, त्यामुळे चाकांची कडक बॅग घरी ठेवून मऊ, पाणी न झिरपणारी पिशवी नेणे शहाणपणाचे. धुके उतरले की विमाने थांबतात. आमच्या परतीच्या दिवशी तसेच झाले, तेव्हा छावणीने तंबूतला हीटर चालू ठेवला, जेवण दिले आणि विमान येईपर्यंत एक माणूस रेडिओपाशी बसवून ठेवला, त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

किंग सॅमनला चिनूक असेही म्हणतात. पॅसिफिक महासागरातल्या सॅमनांमध्ये आकाराने तो सर्वांत मोठा, आणि १९६२ पासून तो अलास्काचा राज्यमासा आहे. नदीच्या तळाच्या खडीत अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू साधारण वर्षभर गोड्या पाण्यात राहते, मग समुद्रात जाऊन काही वर्षे वाढते, आणि अंडी घालण्यासाठी ज्या नदीत जन्मले तिच्यातच परत येते. परतीच्या वाटेवर तो खाणे बंद करतो, अंगातल्या चरबीवर शेकडो किलोमीटर वर चढतो आणि विणीनंतर मरतो. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे बरेच काही उलगडते: मासा इतका तेलकट आणि चविष्ट का असतो, भूक नसताना तो आमिष धरतो तेव्हा मार्गदर्शकाचे कसब कुठे लागते, आणि नदीतून काढलेला प्रत्येक मासा विणीच्या आधी काढलेला असतो याचा अर्थ काय.

नुशागाक सुमारे ४५० किलोमीटर लांब आहे. खालच्या टप्प्यात ती रुंद, खडीच्या तळाची आणि जवळजवळ अडथळ्यांविना वाहते. धबधबे नाहीत, गळ अडकवणारी बुडालेली झाडेही फारशी नाहीत. त्यामुळे पहिल्यांदा रॉड हातात घेणाऱ्याला किंवा सत्तरीच्या घरातल्या माणसाला बोटीत बसून ही मासेमारी व्यवस्थित करता येते. येथे लागणारे बहुतेक किंग सहा ते नऊ किलोंच्या दरम्यान असतात, आणि तेरा-चौदा किलोंचा मासा मोठा समजला जातो. अलास्कातल्याच केनाई नदीत १९८५ साली लेस अँडरसन यांनी धरलेला ९७ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे ४४ किलोंचा किंग आजही गळाने धरलेल्या किंगचा विश्वविक्रम आहे, पण तशा माशाच्या आशेने नुशागाकवर कोणी येऊ नये. ही नदी संख्येसाठी ओळखली जात होती. आणि येथेच या सेवेच्या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो.

नुशागाकमध्ये वर चढणाऱ्या माशांची मोजणी अलास्काचा मत्स्य व वन्यजीव विभाग नदीच्या खालच्या टप्प्यातल्या पोर्टेज क्रीक या ठिकाणाजवळ बसवलेल्या सोनार यंत्रांनी, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून मासे टिपणाऱ्या यंत्रांनी, करतो आणि हंगामात रोजचे आकडे सर्वांसाठी जाहीर करतो. विणीसाठी ५५,००० ते १,२०,००० किंग वर पोचावेत असे विभागाने ठरवलेले लक्ष्य आहे. गेल्या काही वर्षांत त्यातली खालची मर्यादाही वारंवार गाठता आलेली नाही, आणि म्हणून राज्याच्या मत्स्य मंडळाने नुशागाकच्या किंगला चिंताजनक साठ्यांच्या यादीत घातले व २०२३ मध्ये त्यांच्यासाठी कृती आराखडा मंजूर केला. सोनारचा झोत काठालगतच्या पट्ट्यावर असतो आणि किंग पात्राच्या मध्यातूनही जातात, त्यामुळे काही मासे मोजणीतून निसटतात हे खरे आहे. छावण्यांचे लोक ही गोष्ट आवर्जून सांगतात. पण याच जागी सोनारने वर्षानुवर्षे मोजणी होत आली आहे, आणि तिच्या आकड्यांचा कल उतरता आहे. निसटणाऱ्या माशांचा आधार घेऊन हा कल नाकारता येत नाही.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. २०२२ साली ब्रिस्टल उपसागरात परतलेल्या सॉकाय सॅमनांची संख्या ७ कोटी ९० लाखांच्या आसपास होती, आणि तो आजवरचा उच्चांक होता. एकाच उपसागरात, एकाच उन्हाळ्यात एका जातीचा महापूर येतो आणि दुसरी जात रोडावत जाते. सॉकाय आणि किंग एकाच सुमारास नदीमुखाशी येतात, त्यामुळे किंगला वाट मोकळी मिळावी म्हणून व्यापारी जाळी थांबवली तर लाखो सॉकाय हातचे जातात, आणि जाळी टाकली तर त्यांत किंगही सापडतात. व्यवस्थापनाचा हा पेच सुटलेला नाही. त्यात समुद्राचे तापमान वाढते आहे, खोल समुद्रात पोलॉक माशासाठी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांत किंगही येतात, आणि परतणारे मासे पूर्वीपेक्षा वयाने व आकाराने लहान असल्याच्या नोंदी अलास्काच्या अनेक नद्यांवर आहेत. एकच कारण पुढे करून कोणाला मोकळे होता येणार नाही.

छावणीच्या माहितीपत्रकात यातले एक अक्षरही नव्हते, आणि ही माझी पहिली व सर्वांत मोठी तक्रार आहे. पत्रकातल्या छायाचित्रांमधले मासे चांगल्या वर्षांतले होते, छायाचित्रांखाली साल दिलेले नव्हते, आणि ‘रोज डझनावारी किंग’ अशा अर्थाचे वाक्य पहिल्याच पानावर होते. माझ्या फोनवरच्या थेट प्रश्नालाही मालकाने ‘यंदा उत्तम हंगाम अपेक्षित आहे’ एवढेच उत्तर दिले. विभागाचे आकडे मी स्वतः वाचले होते म्हणून अपेक्षा बेताची ठेवूनच आम्ही गेलो. पण आमच्याबरोबर मिनेसोटाहून आलेल्या एका कुटुंबाला हे काहीच माहीत नव्हते आणि त्यांची पहिल्या दोन दिवसांतली निराशा पाहवत नव्हती. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मालवणच्या खानावळीत गेलेल्या पाहुण्याला मालक आधीच सांगतो की ताजी सुरमई मिळणार नाही, आहे त्यात निभावून घ्या. एका जेवणाच्या ताटाबद्दल जो सरळपणा दाखवला जातो, तो हजारो डॉलर घेणाऱ्या सेवेत असायलाच हवा.

आता मार्गदर्शकाबद्दल, कारण त्याच्यामुळे या सहलीचे सोने झाले. पस्तिशीचा, कमी बोलणारा हा माणूस बरीच वर्षे प्रत्येक उन्हाळा याच नदीवर काढतो. पहिल्या सकाळी बोट सुरू करण्याआधी त्याने खिशातून भरती-ओहोटीचे छापील कोष्टक काढून वल्ह्याशेजारी चिकटवले. समुद्राच्या भरतीचा परिणाम पोर्टेज क्रीकच्या आसपासपर्यंत जाणवतो आणि ताजे मासे भरतीबरोबर टोळीटोळीने आत येतात, त्यामुळे भरतीनंतर किती तासांनी टोळी आपल्या टप्प्यावर पोचेल याचा हिशेब त्याला रोज नव्याने करावा लागतो. भावोजी मूळचे देवगडचे आणि जन्मभर खाडीत गळ टाकत आलेले. कोष्टक पाहून ते मला मराठीत म्हणाले, “अरे, हा भरती बघून बोट काढतो, म्हणजे कामाचा माणूस आहे. याचं ऐक, मधे मधे इंग्रजी झाडू नकोस.” पुढे त्या दोघांचे बरेचसे बोलणे हातवाऱ्यांनीच चालले आणि कुठे अडल्याचे मला दिसले नाही.

येथली मुख्य पद्धत गाबोळीने वाहत्या बोटीतून गळ सोडण्याची आहे. किंगची गाबोळी आधीच्या दिवशी मीठ, साखर, बोरॅक्स आणि गुलाबी रंग लावून मुरवून ठेवतात, म्हणजे दाणे घट्ट होतात आणि पाण्यात लगेच सुटत नाहीत. मार्गदर्शक कात्रीने तिचा अक्रोडाएवढा तुकडा कापतो, गळाच्या दांड्यावर बांधलेल्या दोरीच्या फासात अडकवतो आणि वर एक छोटी फिरती रंगीत गोळी ठेवतो, जी आमिषाला तळापासून किंचित उचलून धरते. शिशाचे वजन इतकेच लावायचे की ते खडीवर टेकत, उचलत, पुन्हा टेकत जाईल. बोट प्रवाहाच्या वेगानेच वाहू द्यायची. मोटर केवळ तिला आडवी ठेवण्यापुरती. त्यानंतर सगळे लक्ष रॉडच्या टोकाकडे. खडीची टिकटिक हाताला जाणवत राहते, आणि ती अचानक मऊ झाली, जणू दोरी कशात तरी रुतली, की समजायचे किंगने गाबोळी तोंडात घेऊन चिरडायला सुरुवात केली आहे. या क्षणी झटका दिला की मासा गेला. रॉड आपोआप वाकेपर्यंत थांबायचे आणि मग संथ उचलायचे. मार्गदर्शकाने हे सांगताना माझ्या मनगटावर स्वतःचा हात ठेवून ती टिकटिक मला दाखवली. “आता खडी. आता वाळू. आता पुन्हा खडी.” असे तो बोलत राहिला, आणि थोड्या वेळाने डोळे मिटूनही मला तळ कळू लागला. माझ्या दृष्टीने या सहलीत मिळालेली ही सर्वांत मोलाची गोष्ट होय.

पाणी गढूळ झाले किंवा वारा वाढला की तो पद्धत बदलत असे. मग बोटीचे तोंड प्रवाहाकडे करून, मोटर मंद चालवत, बोट प्रवाहापेक्षा हळू मागे सरकू द्यायची, आणि सार्डिनची चकती बांधलेले मोठे, थरथरणारे प्लास्टिकचे मासे बोटीमागे, प्रवाहाच्या दिशेने, खोल पाण्यात सोडायचे. यात रॉड बोटीच्या खोबणीत ठेवलेला असतो आणि तो पार पाण्याला टेकेपर्यंत हात लावायचा नसतो. भावोजींना ही पद्धत पटली नाही. गळ हातात नसेल तर मासेमारी कसली, असे त्यांचे मत आहे. मलाही गाबोळीची पद्धत अधिक आवडली, पण गाबोळी मासा खोल गिळतो हा तिचा दोष आहे आणि जो मासा सोडायचा त्याच्या बाबतीत तो दोष गंभीर ठरतो.

सोडलेल्या माशाचे पुढे काय होते, हा प्रश्न मराठी घरात हमखास विचारला जातो, आणि तो विचारण्यासारखाच आहे. केनाई नदीवर १९८९ ते १९९१ या काळात गळाने धरून सोडलेल्या किंगना रेडिओ ट्रान्समीटर लावून अभ्यास झाला, त्यात सरासरी ७.६ टक्के मासे पाच दिवसांच्या आत मेले. ज्यांना गळ कल्ल्यांत किंवा घशात लागून रक्तस्राव झाला, त्यांच्यात हे प्रमाण फार जास्त होते. म्हणजे धरून सोडणे निर्दोष नाही, पण नीट केले तर बहुतेक मासे विणीपर्यंत पोचतात. आमचा मार्गदर्शक ते नीट करत होता. गळाचा उलटा काटा तो पकडीने दाबून सपाट करी. जाळे रबराचा लेप दिलेले, गाठी नसलेले, म्हणजे खवले निघत नाहीत. मासा जाळ्यात आला की जाळे पाण्यातच ठेवायचे आणि गळ तेथेच काढायचा. छायाचित्र हवे असेल तर तेही माशाचे अंग पाण्यात असतानाच. दमलेल्या माशाला शेपटीच्या बुंध्याशी धरून प्रवाहाकडे तोंड करून तो थांबे, आणि मासा स्वतःच्या ताकदीने हात सोडवून गेल्याशिवाय पुढचा गळ पाण्यात पडत नसे. मोठ्या माद्या सोडाव्यात असा त्याचा आग्रह होता. तो छावणीचा नियम नव्हता, त्याचा स्वतःचा होता. याच्या उलट शेजारच्या बोटीत मासा तळाच्या पत्र्यावर आपटत असताना चार जणांनी आळीपाळीने छायाचित्रे काढून घेतलेली आम्ही पाहिली, आणि तो मासाही नंतर पाण्यात सोडण्यात आला. दोन्ही बोटी एकाच छावणीच्या होत्या. एवढी मोठी गोष्ट मार्गदर्शकाच्या मर्जीवर सोडून द्यावी, हे मालकाला शोभत नाही. सर्व बोटींना एकच लेखी नियम असायला हवा.

ठेवलेल्या माशाची पद्धतही सांगतो. ओळख पटवणे सोपे आहे: किंगच्या हिरड्या काळ्या असतात आणि शेपटीच्या वरच्या व खालच्या दोन्ही पाळ्यांवर काळे ठिपके असतात. मासा ठेवायचा ठरला की डोक्यावर एक घाव, लगेच कल्ल्यांची शीर कापून रक्त काढणे आणि बर्फ. आणि गळ पुन्हा टाकण्यापूर्वी परवान्यावर पेनाने तारीख व नदीची नोंद. एका माणसाने हंगामात किती किंग ठेवायचे यावर मर्यादा आहे, आणि आकडे खाली गेले की विभाग आणीबाणीचा आदेश काढून ती मर्यादा, आमिषाची परवानगी किंवा किंगची मासेमारीच बंद करू शकतो. आम्ही प्रत्येकी एक नर ठेवला आणि तेवढे पुरेसे होते. संध्याकाळी आचाऱ्याने निव्वळ मीठ लावून, कातडीची बाजू खाली ठेवून, मंद आचेवर जे काप भाजले, त्यांना तेलाचा थेंबही लागला नाही. घरी आणल्यावर सुरमईच्या तुकडीप्रमाणे मालवणी मसाला लावून रव्यात घोळवण्याचा मोह होतो, पण या माशाची चव त्याच्या स्वतःच्या चरबीत आहे आणि तिखट-आगळाखाली ती पार झाकली जाते.

छावणीची व्यवस्था समाधानकारक होती. लाकडी पाटावर उभारलेले जाड कापडाचे तंबू, आत खाटा, गॅसवरचा हीटर आणि ओले कपडे वाळवायला दोऱ्या; सामाईक तंबूत जेवण; गरम पाण्याची अंघोळ ठरावीक वेळेत; शौचालये साधी पण स्वच्छ. आजूबाजूला तपकिरी अस्वलांचा वावर असल्याने मासे साफ करण्याची जागा राहत्या तंबूंपासून दूर आणि विजेच्या तारेच्या कुंपणात होती. सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही पुरता काळोख होत नाही, त्यामुळे डोळ्यांवर बांधायला पट्टी न्यावी. डासांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी नेणे हा पर्याय नसून गरज आहे. वारा पडला की डासांपेक्षाही बारीक चावऱ्या माश्या येतात आणि त्या बाहीच्या काठाखाली शिरतात. शाकाहारी सोबत्यांची सोय होते, पण ती पास्ता, अंडी आणि सॅलड यांच्यापुढे जात नाही. आचारी भला माणूस होता आणि त्याने आम्ही नेलेली मुगाची डाळ आनंदाने शिजवू दिली, तरी घरात कोणी कडक शाकाहारी असेल तर कोरडे पदार्थ बरोबर ठेवावेत.

दुसरी तक्रार पैशांच्या अटींबद्दल आहे. निम्मी रक्कम शरद ऋतूतच आगाऊ भरावी लागते, आणि राज्याने किंगची मासेमारी बंद केली तरी ती परत मिळणार नाही, अशी अट करारात बारीक अक्षरांत होती. मासेमारी बंद करणे छावणीच्या हातात नाही हे मान्य, पण अशा परिस्थितीत पुढच्या हंगामात तीच रक्कम वापरू देणे, किंवा त्याच काळात नदीत भरपूर असणाऱ्या सॉकाय आणि चम सॅमनसाठी कमी दरात मुक्काम देणे, या दोन्ही गोष्टी सहज शक्य आहेत. आमच्या वेळी बंदी आली नाही, म्हणून आम्हाला त्याची झळ बसली नाही. मात्र केनाईवर अलीकडच्या वर्षांत किंगची मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली आहे, आणि युकॉन नदीच्या किंगसाठी अलास्का व कॅनडा यांनी एप्रिल २०२४ मध्ये सात वर्षांच्या बंदीचा करार केला आहे. हे सगळे ठाऊक असताना ग्राहकाकडून बिनपरतीची आगाऊ रक्कम घेणे मला योग्य वाटत नाही.

आणखी एक गोष्ट परीक्षणात यायलाच हवी. या नदीचा काठ ओसाड नाही. एक्वोक, न्यू स्टुयाहोक, कोलिगानेक ही युपिक या मूळनिवासी लोकांची गावे नुशागाकवर आहेत. जूनच्या सुरुवातीला येणारा किंग हा हिवाळा सरल्यानंतरचा त्यांचा पहिला मोठा ताजा मासा; त्याच्या लांब पट्ट्या कापून धुरावर सुकवायच्या आणि वर्षभर पुरवायच्या, हे त्यांच्या घरांतले काम आहे. अलास्काच्या कायद्याप्रमाणे मासे कमी पडले तर उदरनिर्वाहासाठीच्या मासेमारीला प्राधान्य मिळते आणि शौकिनांना आधी थांबवले जाते, आणि तेच न्याय्य आहे. काठावरची पुष्कळशी जमीनही युपिक गावांच्या महामंडळांच्या मालकीची आहे. डिलिंगहॅम आणि पोर्टेज क्रीक परिसरात चोगियुंग लिमिटेड हे महामंडळ छावण्यांना व प्रवाशांना जमिनीच्या वापराचे परवाने देते. आमची छावणी रीतसर भाडेपट्ट्यावर होती, पण पाहुण्यांना ही गोष्ट कोणी सांगितली नाही. पहिल्या संध्याकाळच्या सूचनांमध्ये अस्वलांवर बराच वेळ बोलले गेले. नदी ज्यांची आहे त्यांच्याबद्दल दोन वाक्येही नव्हती. कोणाच्या जाळ्याजवळून बोट किती अंतरावरून न्यावी, काठावर कुठे उतरू नये, हे आमच्या मार्गदर्शकाने बोटीत सांगितले म्हणून कळले.

नदीच्या उगमाकडच्या भागात पेबल खाणीचा प्रस्ताव अनेक वर्षे गाजत होता. तांबे आणि सोन्याचा तो साठा नुशागाक आणि क्विचाक या दोन नद्यांच्या वरच्या अंगाला आहे. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ जल कायद्याखाली तेथे खाणीचा गाळ-कचरा टाकण्यास मनाई केली, आणि त्या निर्णयासाठी युपिक गावे, व्यापारी मच्छीमार आणि या छावण्यांचे मालक एकत्र लढले होते. पाण्यासाठी असे एकत्र येणाऱ्या मालकांनी माशाच्या स्थितीबद्दल ग्राहकांशी मोकळेपणाने बोलावे, ही माझी अपेक्षा त्यामुळेच अवाजवी नाही.

जायचे ठरवत असाल तर रक्कम भरण्यापूर्वी मालकाला पत्राने चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर लेखी घ्यावे: गेल्या हंगामात विभागाच्या सोनारवर किंगचा आकडा किती होता, मासेमारी बंद झाल्यास रकमेचे काय, आपला मार्गदर्शक कोण असेल आणि तो या नदीवर किती हंगाम आहे, सोडायच्या मासळीबद्दल छावणीचा नियम काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर टाळणाऱ्या मालकाकडे जाऊ नये. किंगचा भर जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो, आणि जूनचा शेवटचा आठवडा सर्वांत आधी भरतो. राज्याबाहेरच्या माणसाला मासेमारीचा परवाना आणि त्यावर किंगसाठीचा वेगळा स्टॅम्प असे दोन्ही लागतात. ते ऑनलाइन मिळतात, भारतातून पर्यटक म्हणून आलेल्यालाही मिळतात, आणि छावणीच्या दरात धरलेले नसतात. मार्गदर्शकाला व आचाऱ्याला बक्षिसी देण्याची रीत आहे आणि ती एकूण दराच्या दहा ते पंधरा टक्के जाते, म्हणून ती आधीच अंदाजात धरावी. मासा गोठवून, हवाबंद करून, मेणकापडी खोक्यात बांधून देण्याची सोय डिलिंगहॅममध्ये होते, पण तो खोका परतीच्या विमानात वेगळे सामान म्हणून मोजला जातो. अँकरेजहून पुढचे तिकीट मात्र छावणीतून निघण्याच्या दिवसाचे काढू नये. धुक्यासाठी मधे एक मोकळी रात्र ठेवावी आणि डिलिंगहॅममधली खोली आधीच सांगून ठेवावी, कारण जूनच्या अखेरीस व्यापारी मच्छीमारांच्या गर्दीत ती ऐनवेळी मिळत नाही.